टीबी होऊ नये म्हणून गोळ्या: एआरटीवर नवीन असलेल्या कोल्हापूरकरांनी काय, कधी, कसं करायचं

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, त्या देणाऱ्या सेंटरला नाव नोंदवलं की पहिल्या एक-दोन भेटीतच कुणीतरी म्हणतं "तुमची टीपीटी चालू करू", आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो, की आधीच हे एक आणि आता टीबी पण झाला काय. नाही झालेला. टीपीटी म्हणजे टीबी होऊ नये म्हणून आधीच घ्यायचा ठरावीक दिवसांचा कोर्स, आणि टीबी नाही अशी खात्री करूनच तो देतात. म्हणजे तुम्हाला हा कोर्स लिहून दिला याचाच अर्थ आत्ता तुम्हाला टीबी नाही असं दिसलंय. मी स्वतः याच रांगेतला माणूस आहे, आणि आता नवीन लोकांच्या सोबत सेंटरला जाऊन कुठली खिडकी कुठला कागद हे दाखवायचं काम करतो, त्यामुळे लोक काय विचारतात आणि विचारायला लाजतात ते माहितेय, तेच सगळं इथं लिहितोय.

आधी कशासाठी ते थोडक्यात. भारतात २०१९ ते २०२१ मध्ये टीबीचा मोठा सर्व्हे झाला, त्यात १५ वर्षांवरच्या लोकांत साधारण ३१ टक्के लोकांच्या अंगात टीबीचे जंतू असल्याचं दिसलं. आजारी नाहीत, खोकला नाही, दुसऱ्याला लागण होत नाही, फक्त जंतू आत पडून आहेत, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या बहुतेक माणसांत ते आयुष्यभर तसेच राहतात. पण एचआयव्ही असला की हे गणित बिघडतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आपल्याला टीबी होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण १६ पट आहे, आणि एचआयव्ही असलेल्या माणसांच्या मृत्यूचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण अजूनही टीबीच आहे.

मग एआरटी कशाला घेतोय, असं एकाने मला विचारलं होतं. बरोबर प्रश्न आहे. एआरटीने धोका खूप कमी होतो पण साध्या माणसाइतका खाली येत नाही. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये टेम्प्रानो नावाचा अभ्यास झाला, त्यात सहा महिने आयएनएच (टीपीटीतलंच एक औषध) घेतलेल्या लोकांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी दिसले, आणि हा फायदा एआरटीच्या फायद्याच्या वर वेगळा होता. म्हणून दोन्ही घ्यायचं.

पहिली पायरी: चार प्रश्न, आणि खरी उत्तरं

माझ्या मते अख्ख्या कोर्समध्ये हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक इथंच घाई करतात. प्रत्येक भेटीला तुम्हाला विचारतील: खोकला आहे काय, ताप येतोय काय, वजन कमी झालंय काय, रात्री घाम येतोय काय. लहान मुलांच्या बाबतीत खोकला, ताप, वजन नीट वाढत नाही आणि घरात कुणाला टीबी आहे काय असं विचारतात. मागे रांग असते, काउन्सेलर मॅडम पटापट विचारतात आणि आपण सवयीनं नाही नाही नाही नाही म्हणून मोकळं होतो.

आता नीट ऐका. भिंतीवरच्या पोस्टरवर "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला" असं लिहिलेलं असतं ते सगळ्या जनतेसाठी. एचआयव्ही असलेल्या माणसाला ती दोन आठवड्यांची सूट नाही, तीन दिवसांचा खोकला असला तरी सांगायचा. शिरोलीत फाउंड्रीत काम करणारा एकजण माझ्यासोबत होता, आत खोकल्याला "नाही" म्हणून आला आणि बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या खोकायला लागला. विचारलं तर म्हणाला हा काय टीबीचा खोकला नव्हे, हा भट्टीचा आहे, आमच्यात सगळेच खोकतात. असेल की भट्टीचा, पण ते ठरवणारा तू कोण, असं म्हणून त्याला परत आत नेलं. बेडका तपासला, एक्स-रे काढला, निगेटिव्ह आलं, कोर्स थोडा उशिरा चालू झाला एवढाच काय तो खोळंबा. गुऱ्हाळावरचे, सूतगिरणीतले, यंत्रमागावरचे, सिझनला ऊसतोडीला जाणारे, सगळ्यांचं हेच, खोकल्याला काहीतरी कारण तयारच असतं.

खरं सांगायचं कारण असं. टीपीटीत एक किंवा दोनच औषधं असतात, ती पडून राहिलेल्या थोड्याशा जंतूंना पुरतात. पण खरा टीबी चालू झाला असेल तर जंतू कोटींच्या संख्येत असतात, त्यातले काही त्या औषधाला दाद न देणारे असतात आणि बाकीचे मेले की नेमके तेच वाढत बसतात. मग तो टीबी साध्या औषधाला ऐकत नाही. म्हणून चारातलं एक जरी "हो" असलं तर आधी तपासणी, टीपीटी नंतर.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर लावतात, छातीचा एक्स-रे काढतात. बेडका म्हणजे घशातून खोल खोकून काढलेला, तोंडातली थुंकी नव्हे, डबीत नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते. आणि एक, आपल्यात टीबी फुप्फुसाबाहेर पण होतो, त्यामुळे मानेला, काखेत गाठ लागत असेल, पोट फुगत असेल तर कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. हाताला सुई टोचून बघायची ती टीबीची टेस्ट मात्र आपल्याला टीपीटी चालू करायला लागत नाही, ती केली नाही म्हणून अडून बसू नका आणि कुणाला अडवूही देऊ नका.

दुसरी पायरी: लिव्हर, दारू आणि बाकी सगळं सांगून टाका

या औषधांचा लोड लिव्हरवर येतो. म्हणून पूर्वी काविळ झाली होती काय, हिपॅटायटिस बी किंवा सी आहे काय, हे विचारतात आणि रक्तातून एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, बघतात. लिव्हरला सूज असेल तर कोर्स पुढं ढकलतात, तो रद्द झाला असं नसतं. हातापायाला आधीपासूनच मुंग्या, जळजळ असेल तर तेही सांगा.

दारूचं बोलू. रोज भरपूर पिणाऱ्याला हा कोर्स देत नाहीत. "कधीतरी, जत्रेला" असं सगळेच म्हणतात, मी पण म्हणायचो. तिथं बसलेली माणसं तुमच्या घरी कळवायला बसलेली नाहीत, खरं प्रमाण सांगा, आणि कोर्स चालू असेपर्यंत पूर्ण बंद. जोतिबाची यात्रा असो की मित्राची हळद.

मग बाकीची औषधं. फिटची गोळी चालू असेल, म्हणजे फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन, तर आयएनएचमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, ते आधीच सांगायला लागतं. ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषध आपल्याकडं लोक पाण्यासारखं पितात, त्यानं आयएनएच नीट लागू होत नाही आणि एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिरचाही तोच प्रॉब्लेम, म्हणून विचारल्याशिवाय नको. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी ते सांगायचंच, कारण खाली जो आठवड्याचा कोर्स आहे त्यातल्या औषधाने त्या गोळ्यांचा असर कमी होतो, कंडोम किंवा तांबी असा दुसरा उपाय लागतो. दिवस गेलेत किंवा जाण्याची शक्यता आहे तर तेही, कारण आठवड्याचा कोर्स गरोदरपणात देत नाहीत, रोजची आयएनएच देता येते.

तिसरी पायरी: आपला कोर्स कुठला ते समजून घ्या

मुख्य दोन आहेत आणि लोक त्यात गोंधळ घालतात.

रोजचा: आयएनएच म्हणजे आयसोनियाझिड, मोठ्या माणसाला रोज ३०० मिलीग्रॅम, सहा महिने. सोबत बी-सिक्सची गोळी. ही बी-सिक्स ताकदीची गोळी आहे म्हणून लोक बाजूला ठेवतात, तसं करू नका, आयएनएचमुळे नसांना त्रास होऊन मुंग्या येतात त्या येऊ नयेत म्हणून ती असते. गोळी उपाशीपोटी चांगली लागू होते, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. मळमळलं तर थोडं काहीतरी खाऊन घेतली तरी चालते, घेणं महत्त्वाचं.

आठवड्याचा: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदाच, बारा डोस, म्हणजे तीन महिन्यांत विषय संपला. मोठ्या माणसाला दोन्ही ९००-९०० मिलीग्रॅम, त्यामुळे त्या दिवशी गोळ्यांचा ढीग दिसतो, तो बघून घाबरायचं नाही. हा जेवणासोबत घ्यायचा.

कुठला मिळणार हे डॉक्टर तुमच्या एआरटीवरून आणि सेंटरला काय उपलब्ध आहे त्यावरून ठरवतात. साधारण असं, की पहिल्या लाईनची, म्हणजे सुरुवातीला देतात ती टीएलडी गोळी (तीन औषधं एकत्र, त्यात डोल्युटेग्राव्हिर) चालू आहे त्यांना आठवड्याचा चालू शकतो. पण दुसऱ्या लाईनवर ॲटाझानाविर किंवा लोपिनाविरवाली गोळी असेल, किंवा नेव्हिरापिन चालू असेल, तर रिफापेंटिन जमत नाही, त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण कमी होतं, म्हणून त्यांना रोजचीच. "त्याला तीन महिन्यांचा आणि मला सहा महिन्यांचा का" म्हणून खिडकीवर भांडणारे मी बघितलेत, कारण बहुतेक वेळा हेच असतं. मुलांचा डोस वजनावर असतो, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला घरात टीबीचा पेशंट असला तरच देतात.

आणखी एक गोंधळ म्हणजे सेप्ट्रान. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ३५० च्या खाली असेल तर कोट्रायमोक्साझोलची मोठी पांढरी गोळी देतात, ती वेगळ्या इन्फेक्शनसाठी आहे, टीबीसाठी नाही. एक संपली म्हणून दुसरी बंद करायची नाही. घरी आल्यावर प्रत्येक पाकिटावर पेनाने मराठीत लिहून ठेवा, कुठली कशाची.

हे सगळं सरकारी सेंटरला फुकट मिळतं. बाहेर मेडिकलमधून चिठ्ठी दाखवून आणायचा उद्योग करू नका, त्यात डोसची सगळी गडबड होते.

चौथी पायरी: रोजच्या जगण्यात बसवणं

रोजचा कोर्स असेल तर एक ठरावीक वेळ धरा, एवढंच. बरेचजण एआरटी रात्री घेतात आणि आयएनएच सकाळी उठल्या उठल्या.

आठवड्याच्या कोर्सला वार ठरवायला लागतो आणि इथं थोडं डोकं चालवा. रविवार सगळ्यांना सोपा वाटतो, घरी असतो, दुपारी मटण-भाकरी तांबडा-पांढरा पोटभर जेवण, जेवणासोबत गोळ्या, एकदम बसतंय. पण रविवारीच पाहुणे येतात, रविवारीच गावाकडं जाणं होतं आणि पाहुण्यांसमोर एवढ्या गोळ्या काढायच्या कशा म्हणून डोस राहतो. मला विचाराल तर ज्या वारी दुपारचा डबा कामावर एकट्यानं खाता तो वार बरा, गोकुळ शिरगावला शिफ्टवर जाणाऱ्या बऱ्याच जणांनी तसंच केलंय. मोबाईलला अलार्म लावा पण त्याला नाव "हप्ता" वगैरे द्या, टीबी लिहू नका, मोबाईल घरात सगळेच बघतात.

आता लघवीचं. रिफापेंटिनने लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी केशरी-लालसर होतं. हे नॉर्मल आहे, रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. पण ज्यांच्या घरात एकच संडास-बाथरूम आणि माणसं सात, त्यांना हे आधी माहिती पाहिजे. पांढऱ्या फरशीवर रंग दिसतो, सासूनं विचारलं की उत्तर तयार नसतं. नीट भरपूर पाणी ओतून यायचं, आणि कुणी विचारलंच तर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू आहेत म्हणायचं, त्यानंही पिवळी होते हे सगळ्यांना माहितेय. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पांढरा बनियन नको, घामाचा डाग पडतो. डोळ्यात लेन्स घालत असाल तर तिलाही कायमचा रंग चढू शकतो, चष्मा वापरा.

डोस राहिला तर? रोजच्यातली गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्या, दोन एकदम घेऊ नका, राहिलेला दिवस शेवटी जोडला जातो. आठवड्याच्यात दोन दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढचा नेहमीच्या वारी. त्यापेक्षा उशिरा आठवलं तर आठवेल तेव्हा घ्या आणि आता तोच तुमचा नवीन वार. दोन डोस जवळजवळ घ्यायचे नाहीत. बरेच दिवस खंड पडला असेल तर घरी बसून हिशोब करत बसू नका, सेंटरला फोन करा, कोर्स पुढं न्यायचा की पहिल्यापासून ते ते ठरवतील. ओरडतील म्हणून न जाणारे लोक असतात, ओरडले तर ओरडू देत.

खाण्यापिण्यात पथ्य असं फारसं काही नाही, पण आयएनएच चालू असताना बांगडा, टूना असल्या माशांनी काहींना तोंड लालबुंद होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधड असं होतं. तसं झालं तर तो मासा तेवढे महिने सोडा.

पाचवी पायरी: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडी मळमळ, थकवा हे चालतं. आठवड्याच्या कोर्सला काहींना डोस घेतल्यावर त्या रात्री अंग दुखणं, कणकण असं फ्लूसारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी जातं, पण पुढच्या भेटीची वाट न बघता पुढचा डोस घ्यायच्या आधी सेंटरला सांगा.

आणि हे झालं तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा: डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद (हा केशरी रंग नव्हे, हा काळपट असतो आणि रोज राहतो), भूक एकदम मेली, सारख्या उलट्या, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, अंगावर पुरळ, तोंड सुजणं, दम लागणं. थांबवायची म्हणजे टीपीटी, एआरटी स्वतःच्या मनानं थांबवू नका, तिचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

डोळे पिवळे झाले की आपल्याकडं पहिली धाव झाडपाल्याच्या औषधाकडं असते, कुठल्या तरी गावात सकाळी उपाशीपोटी काविळीचं औषध देतात तिकडं. लई लोकांचा विश्वास आहे, मला वाद घालायचा नाही, पण ही काविळ औषधाने आलेली असू शकते आणि तिचा पहिला इलाज ते औषध बंद करणं हाच आहे. गोळी चालू ठेवून वरनं पाला प्यायचा हा सगळ्यात वाईट पर्याय.

मुंग्या, पायाची आग होत असेल तर बी-सिक्स खरंच घेताय काय ते आधी बघा, मग सांगा. आणि कोर्स चालू असताना मध्येच खोकला, ताप, घाम चालू झाला तर "मी तर टीबीचीच गोळी खातोय, मला कसा होईल" असं समजू नका. परत तपासायचं. टीबी निघाला तर टीपीटी थांबवून टीबीचा पूर्ण कोर्स देतात, आणि टीएलडीवर असाल तर त्या कोर्समधल्या रिफाम्पिसिन औषधामुळे डोल्युटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा करतात.

गुपिताचं काय

टीपीटी घेणाऱ्यांची नोंद निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर होते. लोकांची भीती नोंदीची नसते, घरी कोण येईल याची असते, गावात आशाताई दारात आल्या की शेजारच्या चार घरांना कळतं. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: कुठल्या नंबरवर फोन करायचा, किती वाजता, घरी आलेलं चालेल की नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही असं त्यात आहे. कुठल्या तरी कर्मचाऱ्यानं भर कॉरिडॉरमध्ये नाव आणि आजार मोठ्यानं पुकारला असं माझ्यासमोर झालंय, तेव्हा गप्प बसू नका, तिथल्या तिथं मोठ्या डॉक्टरांना सांगा.

शहरातल्यांना दसरा चौकाजवळचं सीपीआर, म्हणजे सरकारी हॉस्पिटल, माहितीच आहे, स्टँडवरून केएमटी किंवा शेअर रिक्षा. चंदगड-गडहिंग्लज, इचलकरंजी, गगनबावड्याकडच्यांनी प्रत्येक वेळी कोल्हापूरला यायची गरज आहेच असं नाही, जवळ कुठलं एआरटी किंवा लिंक सेंटर आहे ते १०९७ या फुकट हेल्पलाईनवर विचारा. टीबीसाठीची हेल्पलाईन १८००-११-६६६६. आणि एआरटीच्या गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम मिळत असतील तर टीपीटीच्या गोळ्यांची तारीख त्याच दिवशी जुळवून द्या म्हणून मागा, एक रोजगार बुडायचा वाचतो.

संपल्यावर

शेवटची गोळी झाली की पाकीट फेकून देऊन विषय संपवू नका. तुमच्या एआरटीच्या हिरव्या पुस्तकात कुठला कोर्स, कधी चालू, कधी पूर्ण हे लिहून घ्या, समोर उभं राहून लिहून घ्या. आपल्यातली पोरं कामासाठी पुण्याला, चाकणला, गोव्याला जातात, तिथल्या सेंटरला बदली होते आणि पुस्तकात नोंद नसली की तिथं परत पहिल्यापासून चौकशी, कधी परत कोर्स. त्या पानाचा मोबाईलमध्ये फोटो पण असू दे. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तरी टीबीची औषधं संपल्यावर हा कोर्स देतात, त्यामुळे "मला होऊन गेलाय, मला नको" असं नाही. आणि कोर्स पूर्ण झाल्यावर पुढं कधी घरात किंवा खोलीतल्या पार्टनरला टीबी निघाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरला जाऊन सांगायचं, परत तपासून परत कोर्स द्यायचा का ते तेव्हा ठरवतात.